गाण्याचे घर कोणाचे?

एखादी वास्तू पाडली जाऊ नये म्हणून माणसे रस्त्यावर उतरली, असे वृत्त वाचले की आपल्या मनात देवालय, किल्ला किंवा एखाद्या थोर पुरुषाचे जन्मस्थान उभे राहते. परंतु जिथे संध्याकाळी माणसे पेला हाती घेऊन बसतात आणि कोपऱ्यातील लहानशा मंचावर कोणी गात-वाजवीत असते, असा पब वाचविण्यासाठी हजारो नागरिक मोर्चा काढतात, हे ऐकले की आपल्यापैकी पुष्कळांच्या ओठांवर हसू येईल. 'दारूच्या दुकानासाठी मोर्चा? आमच्याकडे तर ते बंद पाडण्यासाठी मोर्चे निघतात!' असे कोणी म्हणाले, तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

तरीही हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे आम्हांस वाटते. त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या जागी अनेक पिढ्यांनी एकत्र बसून गाणे गायिले आणि ऐकले, ती जागा कोणाची? ज्याच्या नावावर तिचा उतारा आहे त्याची एकट्याची, की गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांचाही तिच्यावर काही हक्क पोहोचतो? आणि हक्क पोहोचत असेल, तर त्याच्या बरोबरीने त्यांच्यावर काही कर्तव्यही येते काय?

प्रथम परदेशातील दोन घटना पाहू. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या कॉलिंगवुड भागात 'द टोट' नावाचा एक जुना पब आहे. नवख्या गायक-वादकांना पहिली संधी देणारी जागा म्हणून त्याचा लौकिक. जिथे रात्री प्रत्यक्ष गाणेबजावणे चालते ती जागा गुन्हेगारीचीच समजून तिथे पहारेकरी नेमण्याची अट परवान्यात घालण्यात आली. तो खर्च न परवडल्याने जानेवारी 2010 मध्ये पब बंद झाला. पुढच्याच महिन्यात हजारो संगीतप्रेमी शहरातून चालत गेले. गाणे म्हणजे दंगा नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी पबचे दार पुन्हा उघडले. 2023 साली तो विकावयास निघाला, तेव्हा रसिकांनी वर्गणीतून सुमारे तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जमविले आणि ती जागा गाण्यासाठीच राहावी अशी खटपट केली.

दुसरी घटना लंडनची. मैदा व्हेल भागातील 'कार्लटन टॅव्हर्न' हा 1920-21 साली बांधलेला पब. त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा द्यावा की काय याचा विचार चालू असतानाच एप्रिल 2015 मध्ये मालकाने तो परवानगीवाचून जमीनदोस्त केला. पण रहिवासी गप्प बसले नाहीत. स्थानिक प्रशासनाने आदेश दिला, की जसा होता तसा, वीट वीट जुळवून तो पुन्हा बांधावा. मालकाचे अपील फेटाळले गेले आणि एप्रिल 2021 मध्ये त्या वास्तूचे दार पुन्हा उघडले. जे पाडले ते पुन्हा उभारून द्यावे, हा न्याय पाप-निवेदनाच्या संस्काराची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. चोरलेले परत केल्याखेरीज पश्चात्ताप पुरा होत नाही, हे त्यांना शिकविलेले असते.

आता आपल्या बाजूचा आक्षेप पुढे मांडला पाहिजे, कारण तो खोटा नाही. नेवासे तालुक्यात काय किंवा शेजारच्या तालुक्यांत काय, दारूने किती चुली विझविल्या हे कोणा धर्मगुरूला सांगावयास नको. ऊसतोडीची उचल घरी येण्याआधीच कुठे संपते, हे आपल्या भगिनींना पुरते माहीत आहे. आपल्याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी हे गाव आहे. एके काळी तेथील यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडदेखील दारूच्या भट्ट्यांखाली जळण म्हणून गेले होते. 1975 नंतर अण्णा हजारे यांनी प्रथम ते मंदिर दुरुस्त केले, त्या मंदिरात गाव एकत्र बसू लागले, आणि भट्ट्या बंद झाल्या. गावकऱ्यांच्या एकत्र बसण्याच्या जागेचे जळण करून दारू गाळली जात होती, आणि ती जागा पुन्हा उभी राहिली तेव्हा दारू हटली.

मेलबर्न आणि राळेगण या दोन चळवळी वरवर परस्परविरोधी दिसतात. एक पब वाचविते, दुसरी भट्टी बंद पाडते. पण थोडे खोल पाहिले तर दोन्हीकडे माणसे एकाच गोष्टीसाठी झटत आहेत असे दिसेल. माणसाने एकट्याने, अंधारात, स्वतःला विसरण्यासाठी पिणे ही एक गोष्ट. आणि दिवसभराच्या कष्टानंतर चार माणसांत बसून गाणे ऐकणे ही दुसरी गोष्ट. पहिलीने माणूस माणसापासून तुटतो, दुसरीने जोडला जातो. मेलबर्नचे लोक पेल्यासाठी चालले असते, तर त्यांना दुसरा पब शंभर पावलांवर मिळाला असता. ते चालले ते गाण्याच्या जागेसाठी.

येथे आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. सेमिनरीत त्यांचा अभ्यास करताना न्याय, संयम, धैर्य यांवर विद्यार्थी घाम गाळतात; परंतु खेळ आणि विनोद यांविषयीचे त्यांचे विवेचन बहुधा घाईने उलटले जाते. आपल्या 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागात त्यांनी असा विचार मांडला आहे, की जसे शरीराला विश्रांती हवी तसे मनालाही हवी, आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद. संत योहानाविषयीची एक जुनी कथा ते तेथे सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेला पाहून काही जण नाराज झाले. त्याने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला विचारले, की तुला सतत बाण सोडता येतील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहानाने सांगितले, की मनाचेही तसेच आहे. नट-गायकांचा व्यवसाय मुळात पापमय नाही, मर्यादा सांभाळून त्यांना आश्रय देणाराही दोषी नाही, असा निर्णय संत थॉमस देतात. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, त्यालाही ते सदोष ठरवितात. मर्यादा सुटली तर तोच आनंद पाप होतो, हेही सांगावयास ते विसरत नाहीत.

प्रभू येशू ख्रिस्ताने आपले पहिले चिन्ह कुठे केले याचाही विचार करावा. ते सभास्थानात घडले नाही, मंदिरात घडले नाही. काना गावच्या लग्नघरी घडले. तिथे वाजंत्री असतील, पंगती असतील, चेष्टामस्करी असेल. त्या घराची लाज राखावी म्हणून पवित्र मरियेने आपल्या पुत्राला शब्द टाकला. खादाड आणि मद्यपी अशी निंदा प्रभूच्या वाट्याला आली, ती तो अशा घरांत जाऊन बसत असे म्हणूनच. तेव्हा करमणुकीची जागा वाचविणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्याने काना गावाकडे पाठ फिरविली पाहिजे.

मेलबर्नचा पब आपल्याला दूरचा वाटेल. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. मुंबईत परळला दामोदर नाट्यगृह आहे. जुनी माणसे त्याला दामोदर हॉल म्हणत. 1922 सालापासूनचे हे नाट्यगृह. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे ते. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाला बारा-बारा तासांच्या पाळीनंतर दोन घटका मन रमवावयास जागा हवी, ती नसेल तर त्याची पावले गुत्त्याकडे वळतील, हे ओळखणाऱ्या समाजसेवकांनी ते उभारले. कामगारांनी स्वतः बसविलेली नाटके आणि कोकणातील लोककला यांना त्याने शतकभर आसरा दिला. पब आणि हे नाट्यगृह यांत फरक आहे. एक मद्य विकणारा, दुसरे मद्यापासून माणसाला सोडविण्यासाठी बांधलेले. परंतु कष्टकऱ्यांनी एकत्र येऊन गाण्याची जागा म्हणून दोघांचे कूळ एकच.

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. 9 मार्च 1924 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांच्या उद्धारासाठी संस्था काढण्याच्या विचाराने सभा बोलाविली, ती याच दामोदर हॉलमध्ये. त्यातून त्याच वर्षी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' जन्मास आली. ज्यांना गावच्या चावडीवर बसू दिले जात नव्हते, त्यांना बसून विचार करावयास नाटकाच्या घराने जागा दिली. आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे त्याच बहिष्कृत वस्त्यांतून प्रभूकडे आले. त्या सभेशी आपले नाते दूरचे नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये या नाट्यगृहाचे प्रयोग थांबले. ते पाडून त्या परिसराचा पुनर्विकास करावयाचा, अशी योजना होती. नाट्यकर्मी, लोककलावंत आणि परळचे रहिवासी विरोधास उभे राहिले. या वादात एक अडचण होती, आणि आमच्या मते खरा नैतिक प्रश्न तिथेच आहे. नाट्यगृहाच्या मालकीण संस्थेला तेथे दारूचे दुकान किंवा मनोरा बांधावयाचा नव्हता. ती शिक्षणकार्य करणारी संस्था. तिच्या डोळ्यांपुढे शाळेच्या विस्ताराचा प्रश्न होता. म्हणजे एका बाजूला लोभ आणि दुसऱ्या बाजूला कला, असा हा सोपा सामना नव्हता. एका चांगल्या गोष्टीपुढे दुसरी चांगली गोष्ट उभी होती. शाळा की नाट्यगृह?

आपण मिशनरी शाळांच्या परंपरेतील माणसे. आपला कल चटकन शाळेकडे झुकेल. केंदळ, संगमनेर, हरेगाव या बाजूंना जे काही बदलले, ते शाळेच्या फळ्याने बदलले, हे आपण जाणतो. परंतु शाळेची बाजू घेणे आणि दुसऱ्या पक्षाला न विचारता निर्णय करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चांगल्या हेतूने केलेले कामही अन्याय होऊ शकते. ज्याला त्याची झळ लागते त्याला बोलूच दिले नाही, म्हणजे तसे होते.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे उपयोगी पडते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या आपल्या विश्वपत्रात असे मांडले, की खासगी मालमत्तेचा हक्क खरा आहे, परंतु त्या मालमत्तेवर समाजाचे गहाण आहे. आपल्या शेतकरी वाचकांना हे समजण्यास कठीण नाही. सातबाऱ्यावर नाव आपले असते, पण इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला असतो. जमीन आपली, तरी त्या बोजाची दखल घेतल्यावाचून ती विकता येत नाही. गाण्याच्या घरावरही असाच एक न दिसणारा बोजा असतो. तिथे वर्षानुवर्षे जे गायिले त्यांचा, ज्यांनी तिकिटाचे पैसे मोडून ऐकले त्यांचा, जे आता हयात नाहीत त्यांचा, आणि ज्यांना अजून गावयाचे आहे त्या मुलांचाही. तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद नसते, म्हणून तो नाही असे होत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही 2015 च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात निसर्गाबरोबरच लोकांच्या ऐतिहासिक व सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण करण्यास सांगितले आणि शहरातील ज्या सामाईक जागांमुळे माणसाला हे आपले गाव आहे असे वाटते, त्या जपाव्यात असा आग्रह धरला.

हा बोजा खरा असतो, याचा पुरावा कोल्हापूरने दिला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री तेथील केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांच्या काळी 1915 साली ते उभे राहिले होते. आग पाहून जे रडले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव त्या वास्तूच्या कागदावर नव्हते. जे आपले नाही त्यासाठी माणूस असा रडत नाही.

आता आणखी एक कठीण गोष्ट. गाण्याची घरे वाचविण्याची भाषा आपण करतो तेव्हा प्रतिष्ठित घरांचीच करतो. शास्त्रीय संगीताचे सभागृह पाडले तर अग्रलेख येतात. तमाशाचे थिएटर पाडले तर बरे झाले म्हणणारेच पुष्कळ. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे आपल्याच जिल्ह्यातील गाव. 1870 साली तेथे महार कुटुंबात जन्मलेली पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली. तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून तिचे नाव घेतले जाते. पठ्ठे बापूरावांच्या कवनांना तिच्या गळ्याने घरोघर पोहोचविले. ज्या समाजाने तिच्या गाण्यावर पैसे उधळले, त्याच समाजाने तिला ओसरीवर बसविले नसते. गाणे हवे, गाणारी नको. गाणारी हवी, तर तिचे घर नजरेआड हवे. या ढोंगाला ख्रिस्ताच्या शुभवर्तमानात जागा नाही. शिमोन परुश्याच्या घरी पाय धुणाऱ्या स्त्रीला ज्याने उठवून लावले नाही, त्याचे आपण अनुयायी.

आपल्या गोव्याच्या बांधवांकडे पाहिले तर हेच दुसऱ्या अंगाने दिसेल. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुले मोठी होऊन मुंबईस आली, कुडांमध्ये राहिली. रविवारी मिस्सेत वाजवीत, दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि रात्री हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यापैकीच एक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात गुरूचे नाव गाण्यातून घरोघर नेले. 1949 च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतील अशा पुष्कळ वादकांचे रात्रीचे काम हिरावले. कायद्याचा हेतू चांगला होता. परंतु दारूचा पेला उचलून नेताना त्याच मेजाशेजारचे व्हायोलिनही उचलले जात आहे, याचा विचार फार थोड्यांनी केला. तेच व्हायोलिन वेदीपाशी वाजले तर पवित्र आणि हॉटेलात वाजले तर अपवित्र, असा भेद करणे आम्हांस जमत नाही. वाजविणाऱ्याची बोटे तीच, त्याच्या मुलांच्या ताटातील भाकरीही तीच.

येथे कोणी नेवासकर आम्हांस थांबवील. तो म्हणेल, 'इमारतीचे एवढे काय घेऊन बसलात? आमच्या गावाकडे पाहा. ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली ती येथे. ज्या देवळात सांगितली ते देऊळ कुठे आहे? एक पैसचा खांब उरला. देऊळ गेले, ओवी राहिली. जे खरे असते ते घरावाचूनही जगते.'

हा युक्तिवाद वजनदार आहे आणि तो नेवाशातच करता येतो. परंतु तो अर्धाच आहे. ओवी राहिली, कारण सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि पुढे सातशे वर्षे माणसांनी एकत्र बसून तिची पारायणे केली. ती आपोआप राहिली नाही. आणि तो खांब तरी का राहिला? त्याला टेकून कोण बसले होते, हे लोकांनी लक्षात ठेवले म्हणून. असंख्य देवळांचे खांब पायरीला आणि गोठ्याला गेले. हा गेला नाही.

नेवाशानेच या गोष्टीची दुसरी बाजूही दाखविली आहे. 1954 पासून पुढे डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया यांनी प्रवराकाठच्या पांढरीत उत्खनन केले. तेथे थरावर थर निघाले. त्यांतील एका थरात रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरेही मिळाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी परदेशचे मद्य आले होते. जिथे मद्य आले तिथे माणसे बसली असतील, आणि बसली तिथे गायिलीही असतील. पण कोणते गाणे? कुदळीला खापर सापडते, गाणे सापडत नाही. मद्याचे भांडे दोन हजार वर्षे टिकते. गाणे मात्र ज्या दिवशी गाणाऱ्यांची बैठक मोडते, त्या दिवसापासून मरू लागते. म्हणून गाण्याला घर लागते. ते भिंतींचे कौतुक म्हणून नव्हे. गुरूच्या शेजारी शिष्याला बसावयास हातभर जागा हवी म्हणून.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो वास्तू वाचवू पाहणाऱ्यांनाही अडचणीत आणणारा आहे. जागेचे मोल तिथल्या बैठकीने ठरते. जिथे कोणी गात नाही, ती रंगरंगोटी करून, पाटी लावून, कुलूप घालून ठेवली, तर ते जतन नव्हे. ते थडगे आहे. जे पाडण्याच्या दिवशी घोषणा देतात पण त्याआधी दहा वर्षे तिकीट काढून आत आले नव्हते, त्यांच्या अश्रूंची किंमत कमीच धरावी लागेल. हक्क सांगणाऱ्याने भारही उचलला पाहिजे. मेलबर्नच्या लोकांचे आम्हांस अधिक कौतुक वाटते ते यासाठी, की दुसऱ्या वेळी ते केवळ मोर्च्याने थांबले नाहीत, त्यांनी खिशात हात घातला.

मग गाण्याचे घर कधीच पाडू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. छत डोक्यावर येणार असेल तर माणसाचा जीव आधी. बैठक केव्हाच मोडली असेल आणि ती पुन्हा बसविणारा कोणी नसेल, तर कृतज्ञतेने निरोप द्यावा. त्याहून मोठी सार्वजनिक गरज असेल, तर तिलाही मान द्यावा. पण अशा वेळी क्रम पाळला पाहिजे. ज्यांची ती जागा, त्यांना आधी विचारावे. त्यांच्यासाठी नवी जागा आधी उभी राहावी. मग जुनीला हात लावावा. 'आधी पाडू, मग बघू' या वाक्यात जो 'मग' आहे तो गरिबांच्या वाट्याला क्वचितच येतो, हे धरणग्रस्तांच्या वस्त्यांत जाऊन कोणालाही विचारता येईल. शाळा आणि नाट्यगृह यांच्या झगड्यातही आमचे उत्तर हेच राहील. शाळा अवश्य व्हावी. पण मुलांना वर्ग देताना त्यांच्या आजोबांचा रंगमंच काढून घेतला, तर त्या वर्गात पहिला धडा कोणता शिकविला जाईल?

हे सारे दूरच्या शहरांविषयी लिहिले तरी त्याचा रोख आपल्या धर्मग्रामांकडेच आहे. आपल्या गावोगावच्या जुन्या मिशन-खोल्या आठवाव्यात. दिवसा तीच शाळा, रविवारी तेच प्रार्थनामंदिर, रात्री तिथेच पेटी, ढोलकी आणि टाळ. ज्या हातांनी पूर्वी गावकीत हलगी वाजविली, त्या हातांनी तिथे प्रभूचे भजन धरले. मोठ्या गावच्या देवळात ज्यांना पायरी चढू दिली नव्हती, त्यांना मोठ्याने गाण्यास मिळालेले ते पहिले छप्पर. आज अशा खोल्या पडावयास आल्या आहेत. त्यांच्या जागी सिमेंटचे देखणे मंदिर व्हावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु नकाशा काढताना आपण वास्तुविशारदाला विचारतो, देणगीदाराला विचारतो. भजनी मंडळातील म्हाताऱ्याला विचारतो काय? नव्या मंदिरात संगमरवर किती याची चर्चा होते. रात्री भजनाला बसावयास ओसरी आहे की नाही, याची होते काय?

सर्व वाचक कुटुंबांस आमची विनंती एवढीच, की आपल्या गावातील अशी जागा कोणती हे आधी ओळखावे, आणि ती पडण्याची वेळ येण्यापूर्वी ओळखावे. तिथे कोण गात असे, कोणती भजने म्हणत, ढोलकी कोणाची होती, हे वृद्ध मंडळी आहेत तोवर लिहून ठेवावे. शक्य असेल तिथे ती जागा दुरुस्त करावी. पाडावीच लागली, तर नव्या नकाशात भजनाच्या बैठकीची जागा प्रथम आखावी. आणि शेजारच्या समाजाचे गाण्याचे घर संकटात असेल, मग ते कीर्तनाचे असो, कव्वालीचे असो की तमाशाचे, तर ते आपले नाही म्हणून खिडकी लावून घेऊ नये. आपल्या प्रार्थनामंदिराला हात लागला की आपण इतरांकडून सोबतीची अपेक्षा करतो. ती अपेक्षा करण्याचा अधिकार आधी कमवावा लागतो.

प्रभूने यरुशलेमेकडे पाहून अश्रू ढाळले, कारण तिथे दगडावर दगड राहणार नाही हे त्याला दिसत होते. ते दगड त्याच्या मालकीचे नव्हते. त्या नगरात डोके टेकावयास त्याला स्वतःची जागाही नव्हती. पण तिथे त्याचे लोक सणाला गात गात चढून जात असत, आणि बारा वर्षांचा असल्यापासून तोही त्यांच्याबरोबर गेला होता.